जस्ताच्या टबातलं सोरपोतेल

मालाड, गावठण,
क्रुसामागचं घर

माझा धाकटा भाऊ मार्कस, मनोरीच्या समुद्रासमोरच्या कॉटेजचा मालक, दोन खोल्या, एक झोपाळा आणि पाहुण्यांसाठी स्वतंत्र नळ यांचा धनी, यास मालाडहून थोरली बहीण जोसेफीन हिचा आशीर्वाद. तुझ्या फाटकावर आता नावाची पाटी लागली असं कळलं, म्हणून आधी मी 'श्रीमान' लिहायला सांगितलं होतं. लविना म्हणाली, आजी, सख्ख्या भावाला श्रीमान लिहिलंस तर भांडण अजून चालू आहे असं त्यांना वाटेल. म्हणून काढलं. (काढलंस ना गं? बरं.) तुझा गुडघा कसा आहे? जेनिसचं पित्त कसं आहे? आईच्या तांब्याच्या तपेल्यात तू लावलेलं ते मोठ्या पानांचं झाड कसं आहे? इथे देवाच्या कृपेने सगळे बरे आहेत. मध्यंतरी नव्हते, आता आहेत, आणि ते का नव्हते याबद्दलच हे पत्र आहे.

पत्र लविनाकडून लिहून घेऊन तिच्या भावाच्या, शेर्विनच्या हाती पाठवते आहे, कारण तू माझा फोन उचलत नाहीस. उचललास तरी "रेंज नाही" म्हणून ठेवतोस, आणि रेंज नसताना हे ऐकू कसं येतं हे मी लविनाला विचारलं तर ती नुसती हसते. शेर्विनला घरात बोलावू नकोस, जेट्टीवरून येताना त्याचे पाय चिखलाने भरलेले असतील आणि जेनिसने लादी पुसलेली असेल. तू आपला मागच्या पडवीत बस, समुद्राकडे तोंड करून. तिथे उजेड चांगला असतो. तुझी वाचायची पद्धत मला ठाऊक आहे, ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, एक पान झालं की चष्मा पुसून. तसंच वाच. घाई करू नकोस. मला स्वतःला अक्षर येत नाही, पण तू शाळेत गेलास तेव्हा तुझा विसरलेला डबा घेऊन शाळेच्या दारापर्यंत मीच यायचे, त्यामुळे शाळा मलाही माहीत आहे, बाहेरून.

पहिली गोष्ट पहिली. तू जेनिसच्या तोंडून निरोप पाठवलास की जोसेफीन जोवर माझा टब चांगला आहे असं कबूल करत नाही तोवर मी खाडी ओलांडणार नाही, लविनाच्या लग्नालासुद्धा नाही. तर मी कबूल करते. मार्कस, तुझा टब चांगला आहे. भक्कम आहे, दोन्ही कान मजबूत आहेत, गळत नाही, गंजत नाही. हे मी लविनासमोर सांगितलं आणि तिने लिहून घेतलं. आता नेमकं झालं काय, ते मी माझ्या बाजूने सांगते. तुझ्या बाजूचं जेनिसने फोनवर सांगितलं आहे, आणि तिने ते तुझ्यापेक्षा कमी वेळात सांगितलं.

तुला आठवत असेल, कॉटेज उघडलंस तेव्हा आईचं तपेलं तू "थोडे दिवस" म्हणून घेऊन गेलास. दारात काहीतरी जुनं ठेवलं की शहरातली माणसं त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात, असं तुझं म्हणणं होतं. मी दिलं. आपल्या घरातलं प्रत्येक लग्न त्या तपेल्यात शिजलं आहे, आईचं, माझं, तुझं (तुझ्या वेळी थोडं करपलं होतं, पण तो दोष तपेल्याचा नव्हता), आणि तेव्हा घरात लग्नाचं कोणी नव्हतं. मग लविनाचं नोएलशी ठरलं, साखरपुड्याची तारीख निघाली, आणि मी तपेलं मागितलं. तपेलं आलं नाही. फेरीबोटीतून टब आला, कानाला लाल रिबीन बांधून. गॅल्वनाइजचा, नवा कोरा, त्यावर ती पांढुरकी फुलं असतात ना, कुणी थंडीत काचेवर फुंकर मारावी तशी, ती अंगभर. सोबत तुझा निरोप, की हे मॉडर्न आहे, याला कल्हई लागत नाही, तांब्याचा जमाना गेला. मला आवडला तो टब. खोटं कशाला सांगू. दिवाणाशेजारी ठेवून मी दोन दिवस त्याच्याकडे नुसती बघत होते.

आता सोरपोतेलाचं. हे तुला सांगायला नको, पण तू हल्ली पाहुण्यांना चायनीज करून घालतोस म्हणून आठवण करून देते. डुकराच्या मटणाचं सोरपोतेल आज केलं आणि आज वाढलं असं होत नाही. ते आधी करतात, ताडीचं व्हिनेगर सढळ हाताने घालतात, आणि मुरत ठेवतात. रोज एकदा ऊन करायचं आणि परत झाकायचं. जितकं शिळं तितकं चांगलं, हे एकच पक्वान्न असं आहे ज्याला म्हातारपण मानवतं (दुसरी मी). शिजवलं मी मांडववाल्याच्या भाड्याच्या टोपात. पण टोप त्याला लगेच परत हवा होता, म्हणून सगळं सोरपोतेल मी तुझ्या टबात ओतलं. पुढे जे काय मुरलं ते त्या टबात मुरलं. रोज मी त्यातून थोडं थोडं काढून ऊन करून परत ओतत होते आणि मनात म्हणत होते, मार्कस वेडा आहे पण वस्तू चांगली आणतो.

साखरपुड्याच्या दिवशी पहिला घास शेर्विनने खाल्ला. त्याला मी विचारलं कसं झालंय, तर म्हणाला, झकास, पण जिभेवर नाणं ठेवल्यासारखं लागतंय. मी म्हटलं, तुला बर्गर खायची सवय, तुला काय कळतंय. मग मी चाखलं. नाणंच होतं. पण तोवर नोएलची माणसं बसली होती, आणि नोएलची माणसं फार सभ्य आहेत रे. इथेच आमचं नशीब फुटलं. आपल्या गावठणातली माणसं असती तर पहिल्या घासाला म्हणाली असती, बाई, हे काय केलंस. नोएलचे वडील म्हणाले, वेगळी चव आहे, आमच्याकडे अशी करत नाहीत, आणि मान राखायला परत वाढून घेतलं. त्यांनी घेतलं म्हणून त्यांच्या बहिणीने घेतलं. तिने घेतलं म्हणून सगळ्यांनी घेतलं. मी वाढत राहिले. आग्रह केला मी, मार्कस. सोबतच्या तळलेल्या गोल फुगिया संपत आल्या होत्या म्हणून सोरपोतेल जास्त वाढलं.

केक कापायच्या आधीच नोएलच्या वडिलांनी कोटाचं बटण काढलं. मग दुसरं काढलं. मग ते उठून अगदी शांतपणे म्हणाले, जरा हात धुवून येतो, आणि गेले ते आलेच नाहीत. त्यांच्यामागून त्यांची बहीण हात धुवायला गेली. आपल्या घरात हात धुवायची एकच जागा आहे हे तुला माहीत आहे. थोड्या वेळाने निम्मा साखरपुडा मोरीबाहेर रांगेत उभा होता, सगळे इस्त्रीच्या कपड्यात, सगळे एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणत. बँडवाला पोरगा काहीतरी प्रेमाचं वाजवत होता, त्याला थांब म्हणायचं कुणाला सुचलं नाही. नोएल बिचारा अंगठी घातलेल्या हाताने पोट धरून लविनाला म्हणाला, तुझ्या आजीला मी आवडलो नाही का? (लविना म्हणते हे लिहायचं नाही. मी म्हणते लिही, तुझा होणारा नवरा चांगला आहे म्हणून तर लिहायचं.) कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं नाही, देवाचे उपकार. ओकून झालं, लिंबूपाणी प्यायले, सकाळपर्यंत सगळे उभे राहिले. पण नोएलच्या घरून पुढचे कितीतरी दिवस जो फोन यायचा त्यात "आमचं काही म्हणणं नाही" हे वाक्य असायचं, आणि ज्यांचं खरंच काही म्हणणं नसतं ती माणसं असं म्हणत नाहीत. लविना ते दिवस धड जेवली नाही. तेवढं एक मला हसण्यावारी नेता आलं नाही.

मग चोर शोधणं सुरू झालं. आधी डुकराचं मटण धरलं. पण ते आपल्याच नेहमीच्या माणसाचं, आणि त्याच डुकराचं मटण शेजारच्या घरानेही खाल्लं, ते ठणठणीत. मग व्हिनेगर धरलं. मग कुणीतरी नजर लागली म्हणालं, तर मी म्हटलं एवढ्या माणसांना एका वेळी लागायला नजर काय पाण्याच्या टँकरने आली? शेवटी सगळे समोरच्या बिल्डिंगमधल्या धम्मपाल सरांवर आले. सर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात आणि त्या दिवशी त्यांनी नुसत्या फुगिया खाल्ल्या होत्या. जेवायला बोलावलेला माणूस सोरपोतेलाला हात लावत नाही आणि एकटा धडधाकट घरी जातो, त्याला आधीच काहीतरी कळलं होतं अशी कुजबुज झाली. ते बिचारे डुकराचं खात नाहीत, इतकंच होतं.

खरा चोर मला टब घासताना सापडला. मार्कस, चहा आला का तुला? जेनिसला हाक मार, पण जागेवरून. उठू नकोस, गुडघा आहे. तर टब मी उताणा करून उन्हात धरला. वरचा काठ तसाच नवा, फुलं जिथल्या तिथे. आणि सोरपोतेल जिथवर भरलं होतं तिथे एक सरळ रेघ, भरतीची खूण खडकावर असते तशी. रेघेच्या वर फुलं. रेघेच्या खाली सगळं काळपट, खरखरीत, एक फूल नाही. मी तिथेच बसले. फुलं घासून गेली नव्हती, काथ्या तर आत्ता हातात घेतला होता. मग गेली कुठे? नोएलच्या वडिलांच्या पोटात गेली.

धम्मपाल सरांना बोलावलं (आधी माफी मागितली, मग बोलावलं). त्यांनी टब बघून मान हलवली आणि समजावून सांगितलं, शिकवल्यासारखं, दोनदा. ते म्हणाले, हा टब आतून लोखंडाचा. लोखंडाला गंज येऊ नये म्हणून वरून जस्ताचा मुलामा देतात. हवापाणी आलं की जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. (मी म्हटलं, थोरल्या बहिणीसारखं. सर हसले नाहीत.) पाणी, बर्फ, तांदूळ, गहू असलं कोरडं किंवा साधं काही त्यात ठेवलं तर बिघडत नाही. पण आंबट ठेवलं, व्हिनेगर, चिंच, कोकम, लिंबू, टोमॅटो, ताक, की जस्त विरघळून जेवणात उतरतं. जेवढं आंबट आणि जेवढा वेळ, तेवढं जास्त. थोडं जस्त शरीराला लागतंच, पण इतकं एकदम गेलं की पोट ते ठेवून घेत नाही, आल्या वाटेने परत पाठवतं. शिजवायला तर तो टब घेऊच नका म्हणाले. मग त्यांनी काठाच्या चांगल्या भागावर व्हिनेगर ठिबकवून दाखवलं. आधी काही झालं नाही, मी मनातून तुझ्या बाजूने होते. मग बारीक बारीक बुडबुडे आले, सोड्याच्या बाटलीसारखे. सकाळी तिथलं फूल गेलेलं.

आणि बघ, यात नवीन असं काही नव्हतं. आंबट वरण कल्हई गेलेल्या पितळेत ठेवलं की कळकतं, हे आपण आईच्या मागे फिरताना शिकलो. व्हिनेगर तिने कधी चिनीमातीच्या बरणीतून बाहेर येऊ दिलं नाही. पण पितळ कळकतं हे डोक्यात होतं, म्हणून जे पितळ नाही ते कळकणार नाही असं मी धरून चालले. त्यात टबावर फुलं होती. फुलांवर मी भाळले.

हे सगळं मी तुला त्याच दिवशी फोनवर सांगितलं, आणि तू अर्ध्यावर भडकलास. तुझे मुद्दे मी विसरले नाही. तू म्हणालास, अख्ख्या मनोरीने असल्याच बालदीतून विहिरीचं पाणी प्यायलं, कोण मेलं? बरोबर आहे. पाण्याचं कोण बोलतंय. तू म्हणालास, माझे पाहुणे छोट्या बालद्यांतून बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या खातात आणि फोटो टाकतात. खाऊ देत, पण आत कागद घाल आणि ती लिंबाची फोड वेगळ्या बशीत दे, एवढं माझं ऐक. बियरच्या बाटल्या बर्फात घालून टबात ठेवतोस ते तर उत्तमच, तिथे टब आणि बियर दोघंही आपापल्या जागी आहेत. आणि तू म्हणालास, जोसेफीन, तुला भेटीची किंमत नाही. इथे मात्र तू चुकलास. भेटीची किंमत होती म्हणून तर चिनीमातीच्या बरण्या घरात असताना मी तुझ्या टबात ओतलं. मागून काही खडखड ऐकू आली तर मांजर असेल, वाचत राहा.

तर आता भांडण संपलं असं समज. नोएलच्या घरी मी स्वतः गेले, धम्मपाल सरांना सोबत घेऊन आणि टब शेर्विनच्या डोक्यावर देऊन. सरांनी परत सगळं दोनदा सांगितलं. नोएलच्या वडिलांनी रेघ बघितली, बोट लावून बघितलं आणि म्हणाले, म्हणजे मी हे खाल्लं? मग ते हसायला लागले, आणि त्यांची बहीण हसली, आणि लविना त्या दिवशी घरी येऊन दोन वेळचं जेवली. लग्न नाताळ उलटला की आहे. त्यांची एकच अट आहे, सोरपोतेल परत व्हायला हवं, या वेळी बिनफुलांचं. तू आणि जेनिस आदल्या दिवशीच या. तुझ्यासाठी खिडकीजवळची जागा ठेवली आहे. नाही आलास तरी मी काही म्हणणार नाही. आई गेल्यावर तिच्या पोटचं माणूस म्हणून माझ्याशिवाय तू एकटा उरलास, पण नाही आलास तर नाही आलास. आमचं काही म्हणणं नाही.

जेनिसला प्रेम. झोपाळ्याला तेल घाल.

तुझी थोरली बहीण,
जोसेफीन
(सांगितल्याप्रमाणे लिहिलं: लविना)

ता. क. : एवढं मोठं सोरपोतेल करायचं तर भांडं हवं. मांडववाल्याचा टोप ॲल्युमिनियमचा, आणि तो त्याला लगेच परत हवा असतो, आणि आता माझा नव्या धातूंवरचा विश्वास उडाला आहे. आईचं तपेलं हवं. तांबंसुद्धा आंबटापुढे टिकत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तर आतून कल्हई असते. तुझ्या मातीने आणि पाण्याने ती पार गेली असणार. कल्हईवाल्या कुंडलिकला सांगून ठेवलं आहे, तो उद्या क्रुसापाशी भट्टी लावणार. शिजवीन तपेल्यात, मुरवीन बरण्यांत.

ता. क. दुसरं : तू देणार नाहीस हे मला माहीत आहे. त्या झाडाखाली पाणी साचून मुळं सडतात म्हणून उद्या तू माणूस बोलावून तपेल्याच्या बुडाला ड्रिलने भोकं पाडून घेणार आहेस हेही मला माहीत आहे. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. पित्तासाठी तिला आवळा दे. आईच्या तपेल्याला भोकं, मार्कस. तू शाळेत गेलास तेव्हा आम्हाला वाटलं होतं काहीतरी शिकशील.

ता. क. तिसरं : एवढं लांब पत्र मी का सांगितलं असेल असं तुला इथवर येऊन वाटलं असेल. शेर्विन एकटा आला नव्हता, नोएलही आला आहे, आणि तू पडवीत बोट ठेवून वाचत असताना त्या दोघांनी झाड मुळांसकट उपसून तुझ्या टबात लावलं आहे. टबाच्या बुडाला आम्ही इथूनच भोकं पाडून पाठवली. झाड जगेल. टबही शोभेल, फुलं वरच्या अंगाला अजून आहेत. मी म्हटलंच होतं, तुझा टब चांगला आहे. तपेलं एव्हाना जेट्टीच्या वाटेला लागलं असेल.

ता. क. शेवटचं : आता पळू नकोस, गुडघा आहे. फेरीबोटवाल्याला दोन माणसं येईपर्यंत थांबायला सांगितलं आहे. जेनिसची पिशवी दाराआड भरून ठेवलेली आहे, लग्न होईपर्यंतचे कपडे आणि तुझा लग्नाचा कोट तिच्यात आहे. तपेलं जड आहे आणि नोएलला खांद्यावर घ्यायची सवय नाही, वाटेत गाठ आणि एक कान तू धर. आईच्या वेळी दुसरा कान मी धरायचे. खाडी ओलांडणार नाहीस अशी तुझी शपथ होती, ती मला लक्षात आहे. पण तपेलं धरून ओलांडलीस तर ती तू नाही, तपेल्याने ओलांडली, असं फादरना विचारून ठेवलं आहे.